बल्गेरियात काय खावं-प्यावं? सोबत माळकरी आई आहे

तापीकाठचा (जळगाव)

मंडळी रामराम. भाचा बल्गेरियात प्लोव्हदिवला मेडिकलला आहे, त्याच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी जायचं ठरलंय, मी, बायको, आई आणि सासरेबुवा. व्हिसा-तिकिटाचं होतंय, माझा प्रश्न पोटाचा आहे. आई माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, दूध-दही-ताक चालतं. बायको अंडं खाते पण मटण-चिकन नाही. मी आणि सासरे सगळंच खातो, सासऱ्यांनी तर आत्तापासून तिथल्या दारूचं नाव पाठ करून ठेवलंय.

ट्रॅव्हलवाला म्हणतो काळजी करू नका इंडियन रेस्टॉरंट बघून ठेवतो, पण एवढं लांब जाऊन पनीर बटर मसालाच खायचा तर मग जळगाव काय वाईट आहे. भाच्याला विचारलं तर "मामा इथं सगळं मिळतं" एवढं बोलून फोन ठेवतो, तो मॅगीवर जगत असणार अशी माझी शंका. तर तिथलं खास काय, आईला काय चालेल आणि कशापासून लांब राहायचं ते जरा सविस्तर सांगा. तिखट काही मिळतं का? आई भरीत-भाकरीशिवाय फार दिवस काढत नाही.

भुसावळची_लेक

दादा, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सोफियात राहून आलोय, त्यामुळे हा माझा विषय. आधी आईंचं सांगते.

तुम्ही अगदी मिरच्या भाजायच्या सीझनला जाताय. लांबट, जाड सालीच्या लाल मिरच्या असतात तिकडे, तिखट अजिबात नसतात, लोक त्या पोत्यानं घेतात आणि घरोघरी भाजतात. त्यासाठी चुश्कोपेक नावाचं एक विजेचं यंत्रच आहे, उभा डबा, वर झाकण, आत मिरची सोडायची आणि झाकण लावायचं, थोड्या वेळात साल काळी पडून फुगते. बाल्कनीत ते मांडून बायका दुपारभर बसलेल्या असतात, अख्ख्या बिल्डिंगला तो वास. भाजलेल्या मिरच्या पातेल्यात झाकून ठेवायच्या, त्यांना घाम सुटला की साल बोटांनी सरसर निघते. मग टोमॅटोबरोबर आटवून आटवून बरण्या भरतात ती ल्युतेनित्सा. वर्षभराची बेगमी असते ती, पोरं शाळेतून आली की पावावर हीच. दुकानात बाटल्या मिळतात पण भाच्याच्या घरमालकीणबाईंनी घरची दिली तर ती आधी खा.

पण आईंसाठी खरी वस्तू म्हणजे किओपोलू. वांगी आणि त्याच लाल मिरच्या भाजायच्या, साल काढायची, लसूण, पार्सली, तेल, थोडं व्हिनेगर घालून ठेचायचं. भरीतच झालं ना, फक्त थंडगार खातात आणि हिरवी मिरची नाही. मी वरून कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे टाकायचे, खालच्या मजल्यावरच्या आजी बघून कपाळाला हात लावायच्या आणि मग वाटीभर मागून न्यायच्या. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा धूर त्याला नाही, बडगीत कुटल्याची मजाही नाही, तेवढं सोडून द्या.

दही. ह्यावर मी तासभर बोलू शकते. दह्याचा तो जिवाणू १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या त्यांच्याच माणसानं जिनिव्हात शोधला, त्याच्या नावात आजही बुल्गारिकस आहे, आणि ग्रिगोरोव्हच्या गावी, स्तुदेन इझ्व्होरला, दह्याचं म्युझियम केलंय. आंबट, घट्ट, साखर नाही. गाईचं सगळीकडे मिळतं पण तुम्ही म्हशीचं आणि मेंढीचं शोधा, मेंढीच्या दह्यावर सायीचा थर येतो तो चमच्यानं उचलून खायचा. त्याच दह्याचं तारातोर म्हणजे काकडी, लसूण, शेपू, अक्रोड घातलेलं पातळ थंड सूप. आईंना बिनधास्त द्या.

आता जपायचं कुठे. बनित्सा सकाळी प्रत्येक बेकरीत दिसेल, पातळ पापुद्र्यांमध्ये चीज भरून भाजलेली, वास असा की थांबता येत नाही, पण आत अंडं असतंच, त्यामुळे वहिनींना चालेल, आईंना नाही. आईंना तिक्वेनिक द्या, तसेच पापुद्रे पण आत लाल भोपळा, अक्रोड, साखर, दालचिनी. तरी अंडं आहे का विचारून घ्या. दुसरं म्हणजे सिरेने, ते खारं पांढरं चीज, सगळ्यावर किसून टाकतात. चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात बऱ्याच ठिकाणी. आई तेवढं कडक पाळत असतील तर शॉप्स्का सॅलड (टोमॅटो-काकडीचं) "बेझ सिरेने", म्हणजे सिरेने न घालता, मागा. दह्यात ती भानगड नसते.

आणि हो, "बेझ मेसो" म्हणजे मांस नको, हे पाठ करा. मांस आहे का विचारल्यावर वेटरनं मान आडवी हलवली तर खूश होऊ नका, त्यांच्यात ते "हो" असतं. तोंडानं "ने" (म्हणजे नाही) म्हणवून घ्या.

अमळनेरचा_खवय्या

काय भो, शाकाहाराचं ताईंनी सांगितलंच आहे, मी तुमचं आणि सासऱ्यांचं बघतो 😄

पहिलं केबापचे. बोटाएवढे लांब, खिम्याचे, कोळशावर भाजलेले, आत जिरं. हो जिरं, पहिला घास घेतला की कळतं. पण खिमा बहुतेक डुक्कर आणि गाईचा मिसळलेला असतो, ते चालत नसेल तर आधीच विचारा आणि चिकनचे शिश्चे (सळईवर भाजलेले तुकडे) मागवा. मातीच्या भांड्यात शिजवलेलं मांस, कावार्मा, पण घ्या, भांडं टेबलावर येतं तेव्हा रस्सा उकळत असतो.

तिखट विचारलंत ना, तर श्केंबे चोरबा. बोटीचं, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पिशवीचं सूप, दुधाळ दिसतं, टेबलावर लसणाचं व्हिनेगर आणि लाल मिरचीचा चुरा ठेवलेला असतो, आपल्या हातानं टाकायचं, मी इतकं टाकलं की शेजारचा माणूस जेवायचं सोडून माझ्याकडे बघत बसला. रात्री जास्त झालेली असली की सकाळी हेच पितात ते लोक.

आता राकिया. द्राक्षाची, प्लमची, जर्दाळूची, साधारण ४० टक्के, घरी काढलेली त्याहून कडक. सासऱ्यांना एकच सांगा की एका घोटात मारायची नाही. थंड राकिया छोट्या ग्लासात, समोर शॉप्स्का सॅलड, आणि तासभर गप्पा, जेवण नंतर. नाझद्रावे (त्यांचं चीअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासाकडे बघितलं तर त्यांना आवडत नाही. प्लमची प्यायची तर त्रोयानची नावाजलेली. आणि प्लोव्हदिवलाच राहणार असाल तर माव्रूद सोडू नका, तिथल्याच भागातल्या द्राक्षाची रेड वाइन, सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालूच असते.

धुळेकर_आबा

सगळं वाचलं. एक विचारतो, रागवू नका, प्रत्येक गोष्ट आपल्यासारखी आहे का हे कशाला बघायचं? आम्ही ज्या टूरबरोबर गेलो त्यांनी स्वयंपाकी महाराज सोबत नेलेला, सकाळी पोहे, रात्री वरणभात, मंडळी खूश, आणि दोन टेबलं सोडून गावातले लोक काय खात होते हे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही. पैसे भरून वरणभात खाल्ला हो.

मी एक दिवस कंटाळून एकटाच सटकलो आणि बॉब चोरबा खाल्ला. पांढऱ्या घेवड्याचं सूप, गाजर, लाल मिरची आणि वर पुदिना. मठांमध्ये उपासाच्या दिवशी हेच करतात, कारण त्यांच्या ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडं, दूध काहीच चालत नाही. माळकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मेन्यूत "पोस्तनो" लिहिलेलं दिसलं की आईसाहेबांना निर्धास्त बसवा. २४ डिसेंबरच्या रात्री तर घरोघरी असंच जेवण, पदार्थांची संख्या विषम, घेवडा भरलेल्या सुक्या मिरच्या, भात भरलेल्या कोबीच्या पानांच्या सारमी, सुक्या फळांचं ओशाव. रोदोपी डोंगरातल्या स्मिल्यान गावचा घेवडा मोठा नामांकित, वाटाण्यापेक्षा कितीतरी मोठा दाणा, किलोभर घेऊन या.

सोबत पाव येईल, त्याच्याबरोबर शारेना सोल. मीठ, लाल मिरचीची पूड, मेथी आणि चुब्रित्सा नावाचा सुका पाला. पाव मोडायचा, त्यात बुडवायचा. मी तर सूप यायच्या आधी अर्धा पाव त्याच्यावरच संपवला.

प्लोव्हदिव_मेडिको

काका, तुमचा भाचा मी नाही पण मीही इथंच शिकतो, आणि मॅगीचा अंदाज शंभर टक्के बरोबर 😂

बोझा कोणीच सांगितला नाही. धान्य आंबवून केलेलं घट्ट, तपकिरी, गोडसर-आंबट पेय, इथले लोक बनित्साबरोबर सकाळी पितात. पहिल्यांदा प्याल तर तोंड वाकडं होईल, दुसऱ्यांदा पण होईल, आवडेलच असं मी म्हणत नाही. आंबवलेलं असल्यामुळे किंचित अल्कोहोल असतं, आजींना देऊ नका. आजींना आयरान द्या, ताकच आहे, मीठ असतं. मेकित्सी पण खा, पुरीसारखी तळलेली गरम, वर पिठीसाखर, काही जण पिठात अंडं घालतात ते विचारा.

१ जानेवारी २०२६ पासून इथे युरो चालू झालाय, घरी कोणाकडे जुने लेव्ह पडले असतील तर ते खिशात ठेवून दुकानात जाऊ नका. कापाना भागात खाणं महाग, त्यापेक्षा भाजी बाजारात जा.

सोफियात उतरलात तर जुन्या मिनरल बाथच्या इमारतीजवळ गरम पाण्याचे नळ आहेत, लोक कॅन घेऊन भरत असतात, फुकट. वास थोडा येतो पण प्या.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार, बायकोनं वहीत उतरवून घेतलं. आबा, टोमणा पोचला 🙏 आता शेवटचं, भाच्यासाठी घरचं तूप, पेढे आणि आईसाठी बिबड्या-चटणी न्यायची आहे, चालेल ना?

भुसावळची_लेक

तूप आणि पेढे नका नेऊ दादा. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, सापडले तर तिथंच काढून घेतात. बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला चालतं, पॅकिंग नीट करा. हिरव्या मिरच्या, लिंबं पण सर्टिफिकेटशिवाय नको.

रावेर_बागायतदार

ताजी फळं न्यायची तर पाचच चालतात, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. मुद्दाम सांगतोय. कच्ची बघून घ्या, पिकलेली बॅगेत चेपतात, आणि रावेरातून जाणार असाल तर आधी मेसेज टाका.