इन्सब्रुकची शनिवारची सहल : घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ताई (म्युनिक): नाना, काकू, आत्या, सप्टेंबरमध्ये तुम्ही तिघे इथे असाल तेव्हा एका शनिवारी आपण सगळ्यांनी रेल्वेने इन्सब्रुकला जाऊन रात्री घरी परतावे, असा आमचा विचार आहे. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांताची ही राजधानी इन नदीच्या काठी सुमारे ५७४ मीटर उंचीवर आहे, वस्ती सव्वा लाखाहून थोडी अधिक आहे, आणि भर बाजारात उभे राहून मान वर केली की दोन हजार मीटरच्या वरचे डोंगर दिसतात. शनिवार मुद्दाम निवडला आहे. बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या साध्या गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट, इतर दिवशी सकाळी नऊनंतरच चालते, शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून चालते. आणि रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. कोणाला काही शंका असल्यास इथेच विचारावी, म्हणजे सर्वांना उत्तर मिळेल.

आत्या: माझी पहिली शंका व्हिसाची आहे. माझा व्हिसा एकदाच प्रवेश करण्याचा आहे. ऑस्ट्रियात जाऊन आल्यावर जर्मनीत पुन्हा घेतील ना?

ताई (म्युनिक): घेतील, आत्या. दोन्ही देश सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणे हा नवा प्रवेश धरला जात नाही. मात्र २०१५ पासून जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी सुरू ठेवलेली आहे, आणि परतीच्या गाडीत पोलीस चढून कागदपत्रे पाहू शकतात. त्यामुळे मूळ पासपोर्ट सोबत हवा, मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स पुरत नाही. आम्ही दोघे आणि मुलेसुद्धा पासपोर्ट आणि निवास परवान्याची कार्डे घेऊनच निघतो.

दादा (ठाणे): आम्ही युरोपच्या सहलीत इन्सब्रुक पाहिले आहे, म्हणजे बसमधून उतरून सोन्याच्या छपरापर्यंत चालत गेलो, फोटो काढले आणि परत बसमध्ये बसलो. खरे सांगायचे तर छप्पर माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच लहान निघाले. त्याकरिता संपूर्ण दिवस द्यावा का, याचा विचार करावा.

वहिनी (ठाणे): मला मात्र वॉटन्सचे ‘क्रिस्टल जग’, म्हणजे स्वारोव्स्की या क्रिस्टल बनवणाऱ्या कंपनीचे प्रदर्शन, फार आवडले होते. काकू आणि आत्यांना ते नक्की दाखवावे, असे मला वाटते.

ताई (म्युनिक): दादा, छप्पर लहान आहे हे मान्यच आहे. ते एका सज्जावरचे छप्पर आहे; सम्राट पहिल्या माक्सिमिलियानने १५०० च्या सुमारास चौकातले खेळ आणि समारंभ बघण्यासाठी तो सज्जा बांधवला आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली २,६५७ तांब्याची कौले बसवली. तिथे दहा मिनिटे पुरतात. परंतु तेथून चालत पाचच मिनिटांवर होफकिर्खे नावाचे चर्च आहे आणि सहलीच्या बसमधले लोक बहुधा तिथे पोहोचतच नाहीत. आत माक्सिमिलियानची भव्य समाधी आहे, तिच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीहून मोठे असे २८ काळसर ब्राँझचे पुतळे पहाऱ्याला उभे आहेत, आणि एवढा थाट करूनही समाधी रिकामीच आहे, कारण सम्राटाला व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला पुरले आहे. शेवटच्या दिवसांत तो इन्सब्रुकला आला तेव्हा जुनी उधारी थकल्याने खानावळवाल्यांनी त्याच्या माणसांना जागा नाकारली, अशी कथा तिथे सांगतात. राजाची उधारी ही आपल्याकडच्या सावकारांनाही अपरिचित नव्हती. वहिनी, वॉटन्स शहरापासून पंधरा-एक किलोमीटर पूर्वेला आहे आणि जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो. क्रिस्टल म्युनिकच्या दुकानातही दिसतील, डोंगर दिसणार नाही. म्हणून वॉटन्स मी बेतातून काढले आहे.

नाना: रेल्वेत हयात घालवलेल्या माणसाला मार्गाविषयी बोलू द्यावे. जाण्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला रोझेनहाइम-कुफश्टाइनवरून, ज्याने जलद गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते. दुसरा गार्मिश, मिटेनवाल्ड आणि झेफेल्डवरून. त्याला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, पण माझे मत निःसंशय या दुसऱ्या रस्त्याला आहे. मिटेनवाल्डची ही लाइन १९१२ मध्ये सुरू झाली ती पहिल्यापासूनच विजेवर. आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १९२५ मध्ये. झेफेल्ड साधारण १,१८० मीटरवर आहे आणि तिथून गाडी सहाशे मीटर खाली इन्सब्रुकला उतरते, तीही दातेरी रुळांशिवाय. भोर घाटात सदतीसात एक चढ आहे आणि तिथे गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावावी लागतात. या लाइनचा चढ त्याहूनही उभा आहे. योझेफ रील या अभियंत्याने मार्टिन्सवांड नावाच्या सरळसोट कड्याच्या पोटातून बोगदा काढून हा रस्ता नेला. उतरताना दरी उजव्या हाताला राहते, तेव्हा बसताना सर्वांनी उजवी बाजू धरावी.

काकू: ह्यांना गाडी पाहायची आहे, मला गुडघे आणि रक्तदाब सांभाळायचा आहे. डोंगरावर चढायचे असेल तर मी खालीच बसेन.

ताई (म्युनिक): काकू, चढायचे काहीच नाही. गावाच्या मध्यभागातूनच हुंगरबुर्गबान ही दोरावर ओढली जाणारी छोटी रेल्वे निघते. २००७ मध्ये ती नव्याने सुरू झाली तेव्हा तिची स्थानके वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी आखली. ती नदी ओलांडून तिरकी वर जाते, पण तिचे डबे आपोआप समतल राहतात, त्यामुळे आपण सरळच बसलेले असतो. वर हुंगरबुर्गला उतरून केबल कारने झेग्रूबला, म्हणजे १,९०५ मीटरवर, आणि तिथून दुसऱ्या केबल कारने हाफेलेकारला २,२५६ मीटरवर जाता येते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज यावा. गावातून इतक्या उंचीवर माणूस अर्ध्या-पाऊण तासात पोहोचतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी पुण्यातच विचारून ठेवा. माझ्या मते तुम्ही आणि आत्यांनी झेग्रूबलाच थांबावे. तिथे उपाहारगृह आहे, बसायला जागा आहे आणि सबंध इन्सब्रुक पायाखाली दिसते. नाना आणि हे हाफेलेकारपर्यंत जाऊन येतील.

आत्या: मग आधी गाव आणि दुपारनंतर डोंगर, असेच ना? सकाळी वर थंडी असेल.

ताई (म्युनिक): नाही, आत्या, नेमके उलटे करायचे. पोहोचताच डोंगर, आणि गाव दुपारनंतर. दुपारी ढग शिखरांवर जमू लागले की वर गेलेल्याला पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही, आणि गाव ढगाखालीही तेवढेच चांगले दिसते. शिवाय इथे फ्योन नावाचा दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा उबदार, कोरडा वारा वाहतो. तो जोरात असला तर केबल कार बंदच ठेवतात. म्हणून आदल्या रात्री केबल कारच्या संकेतस्थळावरचा वरचा कॅमेरा पाहायचा आणि रेल्वेच्या ॲपवर मिटेनवाल्डच्या मार्गावर काम काढलेले नाही ना, हेही तपासायचे, कारण काम असेल तर मधला टप्पा बसने करावा लागतो. वारा असल्यास सहल पुढच्या शनिवारी ढकलू. थंडीसाठी प्रत्येकाचा एक स्वेटर आणि वारा अडवणारे जॅकेट पुरेल.

दादा (ठाणे): तिकिटाचा हिशेब नीट समजला नाही. बायर्न तिकीट ऑस्ट्रियात चालते का?

ताई (म्युनिक): जाताना ते मिटेनवाल्डपर्यंत चालते, पुढच्या टप्प्याचे ऑस्ट्रियाचे तिकीट वेगळे काढायचे. नाना, काकू आणि आत्या मिळून एकच बायर्न तिकीट, कारण ते पाच माणसांपर्यंत काढता येते. आम्हा दोघांकडे महिन्याचे डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभरच्या साध्या गाड्यांचा पास, आहे, आणि दोन्ही मुले सहा वर्षांखालची असल्याने त्यांना तिकीट लागत नाही. परतताना मात्र मी दुसरा रस्ता सुचवते. इन्सब्रुक ते कुफश्टाइन ऑस्ट्रियाचे तिकीट घ्यावे, आणि कुफश्टाइनला बायर्न तिकीट पुन्हा लागू होते, कारण ते स्टेशन सीमेपलीकडे असूनही त्यात धरलेले आहे. अट एकच, जलद गाड्यांत हे तिकीट चालत नाही.

नाना: उत्तम. त्या बाजूची लाइन १८५८ ची आहे. शिवाय जलद गाड्या आता २०१२ मध्ये उघडलेल्या नव्या मार्गाने बऱ्याचशा बोगद्यातूनच जातात, तर स्थानिक गाडी जुन्या रुळांवरून उघड्या खोऱ्यातून जाते. म्हणजे स्वस्त तिकिटात देखावा अधिक, आणि ब्रेनर घाटाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालगाड्याही पाहायला मिळतील.

काकू: मालगाड्या पाहण्यासाठी पुण्याहून इतक्या लांब येणारे हे एकटेच असतील. मला जेवणाचे सांगा.

ताई (म्युनिक): तिरोलमध्ये मांसाहार जास्त असला तरी उपाशी राहावे लागत नाही. ग्रोश्टल मागवू नका, बटाट्याबरोबर त्यात मांस असते. क्न्योडेल म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. ते पालकाचे किंवा चीजचे मिळतात, पण ‘श्पेक’ म्हटले की डुकराचे मांस आलेच, म्हणून मागवताना ‘ओने श्पेक’ असे सांगायचे. कायझरश्मार्न गोड आहे आणि मुलांना आवडते, मात्र अंडे असते, त्यामुळे आत्यांना चालणार नाही. आत्यांसाठी घरून डबा न्यावाच. पाणी विकत घेण्याचे कारण नाही, नळाला डोंगरातल्या झऱ्यांचेच पाणी येते.

आत्या: मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी करते. तुझ्याकडे ज्वारीचे पीठ मिळते का, एवढे कळव. नसेल तर पुण्याहून आणते.

ताई (म्युनिक): स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात मिळते, पण जुने असते आणि दशमी तुटते. दोन किलो आणाच, आणि बॅगेत ते वजन काकूंच्या लोणच्याच्या आधी धरा.