वीस वर्षांनी परत चित्र काढतेय, पितळेचा तांब्या प्लास्टिकचा का दिसतोय?

कोयरी:
नमस्कार मंडळी. नववीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळाली होती, तेव्हा वाटायचं आपण पुढे हेच करणार, मग दहावी, सायन्स, नोकरी, मुलगी असं करत करत चित्रांची वही माळ्यावर गेली ती गेलीच. दिवाळीच्या आवराआवरीत ती खाली निघाली आणि वस्तुचित्रांची पानं उलटताना इतकं भरून आलं की त्याच आठवड्यात एक छोटा, स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट घेतला, लॅपटॉपवर क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. मुलगी झोपली की रोज अर्धा तास बसते.

सोबतचं चित्र आजीच्या पितळी तांब्याचं आहे, ओट्यावर ठेवून फोटो काढला आणि त्यावरून केलं, उजेड डावीकडच्या खिडकीतून. पण तो पितळेचा वाटतच नाही. तोंड कुठेतरी तिरकं झालंय पण नक्की कुठे ते सापडत नाही, आणि रेघ थरथरते, कागदावर अशी थरथरत नव्हती. छान आहे असं घरचे म्हणतातच, तुम्ही चुका सांगा.

रेघोटी:
आधी एक करून बघा, हातातली बांगडी टॅबलेटवर ठेवा आणि आतल्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर अंड्यासारखा आकार आला तर टॅबलेट आणि स्क्रीनचं प्रमाण जुळत नाहीये, ड्रायव्हरच्या सेटिंगमधे ते सारखं करून घ्या, नाहीतर हात बरोबर असूनही गोल चुकत राहणार. थरथरीसाठी ब्रश घेतल्यावर क्रिटाच्या टूल ऑप्शन्समधे स्टॅबिलायझर आहे, तो रेघेतली थरथर आपोआप कमी करतो, पण कमीच ठेवा. हात मनगटातून न हलवता खांद्यातून हलवा, लांब रेघ एका दमात ओढा. हात इकडे आणि नजर तिकडे, याची सवय व्हायला मला दोनेक महिने लागले होते.

जुना_ड्रॉइंगमास्तर:
ताई, मांडणी चांगली आहे, तांब्याचं पोट छान भरलंय, वस्तुचित्राचा हात गेलेला नाही तुमचा. चूक शेडिंगमधे आहे. तुम्ही मऊ एअरब्रशने काळा रंग हळूहळू उतरवलाय, तो मातीच्या माठाला चालतो, घासलेल्या पितळेला नाही. धातूवर लख्ख उजेडाला अगदी चिकटून गडद पट्टा येतो, मधे उतार जवळपास नसतोच. कडक कडेचा ब्रश घ्या, सावलीत काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या आणि पांढरा ठिपका एकदोनच ठिकाणी. फोटो बाजूला ठेवा, तांब्या समोर घेऊन बसा, डोळे बारीक करून बघा, परीक्षेच्या मुलांना आम्ही हेच सांगायचो. अजून एक, वरून बघताना तोंडाच्या लंबगोलापेक्षा तळाचा जास्त उघडा दिसतो, तुमचा तळ सपाट झालाय त्यामुळे तांब्या तरंगतोय.

सावळा_ढग:
मास्तरांशी सहमत. फक्त रेघोटी म्हणतात तो स्टॅबिलायझर मी तर सुरुवातीला बंदच ठेवायला सांगेन, नाहीतर हाताला कळतच नाही तो कुठे चुकतोय. तिरकेपणा शोधायला क्रिटामधे कीबोर्डवरचं एम दाबा, चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, डोळ्याला सवय झालेली चूक लगेच खुपते. आणि सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेयर, म्हणजे थर, टाकून त्याचा ब्लेंडिंग मोड (तो खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) कलर करा, खालचं चित्र राखाडी दिसेल, उजेड-अंधार नीट पडलाय का ते कळतं. तुमचं मी असं करून बघितलं तर तांब्या आणि मागची भिंत जवळजवळ एकाच राखाडीत गेले.

कोयरी:
खूप खूप आभार सगळ्यांचे. बांगडीचं खरंच अंडं आलं! सेटिंग बदललं आणि पहिल्यांदा गोल गोल आला. एम दाबल्यावर तोंड उजवीकडे झुकलेलं लगेच दिसलं.

काल रात्री तांब्या चिंचेने घासला आणि दिवा लावून समोर ठेवला. त्याच्या पोटात माझा हिरवा गाऊन, ओट्याची कड आणि खिडकीचे गज दिसत होते, गज पार धनुष्यासारखे वाकलेले. फोटोत हे सगळं असणारच, मी बघितलंच नव्हतं, मी आपली पिवळा रंग भरत बसले होते. मास्तर, हिरवा अगदी तसाच घ्यायचा की त्यात पितळेचा पिवळा मिसळायचा? नुसता हिरवा लावला तर ठिगळासारखा दिसतोय.

जुना_ड्रॉइंगमास्तर:
मिसळायचा. पितळ जे दाखवतं ते स्वतःच्या पिवळ्यातून दाखवतं. गजांपासून सुरुवात करा, हिरवा शेवटी. झालं की टाका इथे, वाट बघतो.