अंतर भागिले वेग एवढ्यावर भागत नाही

एकांनी लंडन-न्यूयॉर्कचं ५,५४० किमी अंतर विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून साधारण सहा तास दहा मिनिटं काढलीत, आणि मग वेळापत्रकात जाताना आठ, येताना सात तास का, असं विचारलंय. मुख्य कारण वारा. साधारण १० किमी उंचीवर जेट स्ट्रीम हा वाऱ्याचा झोत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी २०० किमीच्याही वर. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीशी मिळतो, उलट जाणारं त्याला शक्य तितकं टाळतं. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यात ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! शिवाय वेळापत्रकातली वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंतची रांगही त्यातच आली.

आणि मार्ग सरळ मिळेलच असं नाही. टोकियो-लंडन हे सुमारे ९,६०० किमी. रशियातल्या सायबेरियावरून बारा तासांत व्हायचं. २०२२ पासून रशियाचं आकाश टाळावं लागल्याने बऱ्याच कंपन्यांना चौदाच्या आसपास लागतात. काही विमानं तर अलास्का-ग्रीनलँडवरून गेली. म्हणून तिकीट काढताना दोन्ही दिशांचा वेळ वेगवेगळा बघा.