सहा वर्षांनी आलेला ‘कसा आहेस?’

परतलेला:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं होतं, “वर्षानुवर्षं गायब असलेल्या मित्राचा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, त्याचं काहीतरी काम अडलेलं असतं.” खाली सगळ्यांच्या माना डोललेल्या. म्हणून हे लांबण.

मी तो गायब झालेला. नोकरी गेली होती. सुरुवातीला लाज वाटायची नोकरी गेल्याची, पुढे वाटायला लागली गप्प बसल्याची. महिनाभर झाला तर ‘सॉरी, राहून गेलं’ म्हणता येतं. वर्ष उलटलं की कारण द्यावं लागतं, आणि तेच तर द्यायचं नसतं. सहा वर्षांनी ‘कसा आहेस?’ एवढंच लिहिलं, तेही तीनदा खोडून. पलीकडून आलं, “बोल, किती पाहिजेत?”

शंकासुर:
वाईट झालं, कबूल. पण मला आजवर असे चार ‘कसा आहेस?’ आलेत. दोन विम्याचे निघाले, एक उसनवारीचा. चौथ्याला मी उत्तरच दिलं नाही.

परतलेला:
चौथा खरा असेल तर?

शंकासुर:
असेल. मी काय ज्योतिषी आहे?

मुद्देसूद:
यावर अभ्यास झालेत. २०२२ च्या एका संशोधनात, ५,९०० हून जास्त लोकांवरच्या प्रयोगांत, दिसलं की अचानक केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो. २०२४ च्या दुसऱ्यात लोकांना जुन्या मित्राला लिहायचं होतं, नंबर हाताशी होता, लिहायला वेळही दिला होता. तरी मेसेज पाठवला एक तृतीयांशाहून कमी जणांनी.

शंकासुर:
त्या अभ्यासात विमावाले धरले होते का?

खडूस_मावशी:
उत्तर देऊ नका, हरकत नाही. पण वाचून ब्लू टिक लावून बसायचं, हा शुद्ध माज आहे.

तात्पुरता:
मावशी, ब्लू टिक २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. त्याआधी काय मैत्र्या अमर होत्या? त्रास होतो तर बंद करा.

खडूस_मावशी:
बंद केल्या की दुसऱ्याच्याही दिसत नाहीत. आणि ग्रुपवर तरीही दिसतातच. मला शिकवू नकोस.

तात्पुरता:
नोटिफिकेशनमधूनच वाचायचं, टिक निळी होत नाही. मी वर्षानुवर्षं तेच करतोय.

खडूस_मावशी:
म्हणजे वाचूनही न वाचल्याचा आव! आणि वर कौतुकाने सांगतोयस. तुझ्यासारख्यांमुळेच माणसं गायब होतात.

तात्पुरता:
माझ्यासारखे म्हणजे कसे? मला ओळखता तुम्ही?

मुद्देसूद:
विषय टिकांचा नाहीये.

खडूस_मावशी:
तू आकडे सांभाळ.

पाऊलखुणा:
मी मूळ विषयावर लिहिते. आईच्या आजारपणात तीन वर्षं माझ्या मैत्रिणीचा पत्ता नव्हता. नंतर मेसेज, जणू कालच भेटलो होतो, वर दोन हसरे चेहरे. डोकं सणकलं. मी लिहिलं, “मी बरी आहे. आई गेली. तुला कळलं नसणार, तू नव्हतीस.” दोन दिवस काही नाही. मग फोन आला आणि ती नुसती रडत होती. आता बोलतो आम्ही. पहिल्यासारखं नाही. पण परतलेला, मला एक सांग, सहा वर्षांत त्याच्याकडे काय काय घडलं हे तू विचारलंस का?

परतलेला:
“किती पाहिजेत?” वाचल्यावर कोण विचारेल?

पाऊलखुणा:
म्हणजे नाही विचारलंस.

परतलेला:
नाही.

शंकासुर:
बाईंचा मुद्दा बरोबर आहे, झालं समाधान? तुमच्या नादाने चौथ्याला आत्ता लिहिलं. एकच टिक आली आहे, तीही राखाडी.

खडूस_मावशी:
फोन बंद असेल.

तात्पुरता:
किंवा ब्लॉक.