महाभियोग म्हणजे हकालपट्टी का?

प्रश्न: अमेरिकेचे न्यायाधीश सॅम्युअल चेस यांच्यावर १८०४ मध्ये महाभियोग झाला, आणि ते १८११ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत पदावर होते, असं वाचलं. महाभियोग झाला तर खुर्ची कशी राहिली?

उत्तर: शब्दातच 'अभियोग' आहे, म्हणजे आरोप. तिकडे आरोप ठेवतं प्रतिनिधिगृह (संसदेचं एक सभागृह) आणि खटला चालतो सिनेटपुढे (दुसरं सभागृह). दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात.

चेस मेरीलँडचे, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी. वॉशिंग्टननी १७९६ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. माणूस हुशार, पण जिभेला हाड नाही. तेव्हा हे न्यायाधीश फिरतीवर जाऊन खालचे खटलेही चालवत. १८०० मध्ये कॅलेंडर या पत्रकाराच्या खटल्यात चेसनी बचावाच्या वकिलांना इतकं धारेवर धरलं की ते खटला सोडून निघून गेले. १८०३ मध्ये तर बाल्टिमोरला ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरावा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) जेफरसनच्या पक्षाच्या धोरणांवर तोंडसुखच घेतलं. जेफरसन तेव्हा राष्ट्राध्यक्ष! मग काय, आठ आरोप.

सिनेटमध्ये ३४ जण, हवी होती २३ मतं. जेफरसनच्या पक्षाचेच २५ होते, पण एकाही आरोपावर १९ च्या वर मतं गेली नाहीत. ती १९ पडली बाल्टिमोरच्या भाषणावर. १ मार्च १८०५ ला चेस सुटले. (अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, ज्यांच्यावर स्वतःवरच माजी अर्थमंत्री हॅमिल्टनना द्वंद्वात मारल्याचा आरोप होता!)

दुसरं उत्तर: वरच्या उत्तरात थोडी भर. आपल्या राज्यघटनेत 'महाभियोग' येतो तो कलम ६१ मध्ये, फक्त राष्ट्रपतींसाठी. न्यायाधीशांसाठी कलम १२४(४) आहे, तिथे 'पदावरून दूर करणे' एवढंच. तरी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला, त्याला सगळे महाभियोगच म्हणत. वापर रुळलाय, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न: मग 'चेसवरचा महाभियोग फेटाळला' म्हणावं का?

उत्तर: नको. प्रतिनिधिगृहाने तो मंजूर केलाच होता. 'चेसवर महाभियोग चालला, सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं' असं लिहा. 'महाभियोगातून सुटले' हेही चालेल, बातमीच्या मथळ्यात तेच बसतं.