स्टेशनातून पलीकडच्या वाड्यावर जायची वाट : ग्रामसभेत नेमकं काय मागायचं?

सासष्टीकर
आमच्याकडे स्टेशनच्या एका अंगाला बाजार, पंचायत, शाळा आणि दुसऱ्या अंगाला वाडा, म्हणजे आमची वस्ती. रूळ ओलांडून पाच मिनिटं, रस्त्याने फाटकाकडून गेलं तर दोन किलोमीटरचा वळसा. आता रुळांलगत कुंपणाचं काम सुरू झालंय. स्टेशनातल्या पुलावरून नुसतं पलीकडे जायला प्लॅटफॉर्म तिकीट लागतं का? आणि पायवाट जुनी असेल तर रेल्वेला ती ठेवावीच लागते का?

पादचारी_पूल
पुलाची शेवटची पायरी कुठे उतरते ते आधी बघा. दोन्ही टोकांचे जिने प्लॅटफॉर्मवरच उतरत असतील तर तो प्रवाशांचा पूल. त्यावर तिकीट, पास किंवा 10 रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट हवं आणि तेही दोनच तास चालतं. शाळेच्या पोराला रोज दोनदा ते काढायला लावणं हा काही उपाय नव्हे. जिना दोन्हीकडे स्टेशनच्या हद्दीबाहेर, रस्त्यावर उतरत असेल तर तिकिटाचा प्रश्नच येत नाही. म्हणून "पूल हवा" असं मोघम मागू नका. पूल असेलच, तर "आहे तो पूल दोन्ही बाजूंनी हद्दीबाहेर वाढवा" असं लिहा. नव्या पुलापेक्षा हे काम बरंच लहान असतं.

कलम_सोळा
जुन्या वाटेबद्दल. रेल्वे कायदा 1989, कलम 16 : रुळांमुळे लगतच्या जमिनींची वहिवाट तुटली तर क्रॉसिंग, मोरी, वाट करून द्यायची जबाबदारी रेल्वेची. पण मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून 10 वर्षांनी जादा काम रेल्वेच्या खर्चाने मागता येत नाही. कोकण रेल्वे 1998 पासून पूर्ण चालू आहे आणि गोव्यातला वास्को–कुळे मार्ग तर पोर्तुगीज काळातला, म्हणजे मुदत दोन्हीकडे संपली. उरतं कलम 17 : राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या खर्चाने काम करून मागू शकते. यालाच डिपॉझिट वर्क म्हणतात.

नवं फाटक मागण्यात वेळ घालवू नका. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं 2019 च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली, आता कल पूल आणि सबवेकडेच आहे. आणि तोवर रूळ ओलांडणं हा कलम 147 खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सासष्टीकर
धन्यवाद. पूल आहे, पण वाड्याच्या बाजूला प्लॅटफॉर्मवरच संपतो. पुढे थोड्या अंतरावर रूळ भरावावर आहेत. लूपवर, म्हणजे मेन लाइनशेजारच्या थांब्याच्या रुळावर, मालगाडी उभी असली की लोक वाघिणींखालून जातात, तीच मोठी काळजी.

लोको_शेड
हे आजच थांबवा. पूर्ण मालगाडी साधारण साडेसहाशे मीटर लांब असते, त्यामुळे वळसा घालायचा कंटाळा येतो आणि माणूस वाकतो. इंजिन अर्धा किलोमीटर पुढे, चालकाला मधलं काही दिसत नाही, भोंगाही मागे नीट पोचत नाही. गाडी सगळी एकदम हलत नाही : प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढिलाई असते, पुढून ती ताणली जात येते आणि मधली वाघीण अचानक हिसका देऊन चालू लागते. दोन वाघिणींच्या मधून कपलिंगवर चढून जाणं म्हणूनच तितकंच वाईट. त्यात उभ्या गाडीच्या आडून बाहेर पडलं की शेजारच्या मेन लाइनवरची गाडी दिसतच नाही. आता विजेची इंजिनं आहेत, डिझेलसारखा आवाज लांबून येत नाही. वाघिणीवर चढणं तर नकोच, वर 25 हजार व्होल्टची तार आहे.

पादचारी_पूल
भराव असेल तर सबवेचाही विचार करा. विजेच्या तारांमुळे पुलावरची चालायची वाट रुळांपासून सुमारे सात मीटर उंच जाते. 1:12 चा उतार (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) ठेवायचा तर एकेका बाजूला 84 मीटर रॅम्प, मधले टप्पे वेगळे. म्हाताऱ्या माणसाला, सायकलवाल्याला ते जड जातं. भरावाखालून मात्र जवळपास सपाट जाता येतं. सपाट जमिनीत खणलेला सबवे आपल्या पावसात जून ते सप्टेंबर तळं होतो. त्यामुळे मागणीतच निचऱ्याचं गटार, पंप, दिवे आणि त्यांची देखभाल कोण करणार हे लिहून घ्या. हे शेवटचं राहिलं की पहिल्याच पावसाळ्यात पंचायत आणि रेल्वे एकमेकांकडे बोट दाखवतात.

कलम_सोळा
ग्रामसभेच्या ठरावासोबत सर्व्हे प्लॅनची (जमिनीच्या मोजणी नकाशाची) प्रत जोडा, त्यावर पायवाट तुटक रेघेने दाखवलेली असेल तर ती ठळक करा. आठवडाभर सकाळी आणि शाळा सुटताना रूळ ओलांडणाऱ्यांची मोजणी करा, विद्यार्थी, वृद्ध आणि सायकली वेगळ्या लिहा. ठरावाची प्रत कोणाला ते मार्गावर ठरतं : वास्को–कुळे मार्ग असेल तर दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाला, कोकण रेल्वेचा असेल तर त्यांच्या कार्यालयाला. खासदार निधीसाठी पत्र वेगळं द्या. कुंपण पूर्ण व्हायच्या आत अर्ज आवक नोंदवून घ्या.