व्हरमाँट: गटाने नेमबाजी शिकणं बेकायदा झालंय का?

प्रश्न: अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आम्ही काही मैत्रिणी-मित्र रविवारी मिळून रेंजवर जातो. नवख्यांना मीच शिकवते: बोट ट्रिगरबाहेर, नळी लक्ष्याकडेच, 'थांबा' म्हटलं की बंदूक रिकामी, चेंबरमध्ये केशरी झेंडी खोचायची आणि रेषेच्या मागे यायचं. परवा एकाने सांगितलं, २०२३ च्या कायद्यानुसार असं गटाने शिकवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग शस्त्र बाळगण्याचा हक्क राहिला कुठे?

उत्तर १: घाबरू नका. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आहे ना! असले कायदे कोर्टात टिकत नाहीत.

उत्तर २: टिकतात, आणि टिकायलाच हवेत. शिकागोत जर्मन कामगारांच्या संघटनेने विनापरवाना सशस्त्र संचलन केलं, त्याचं नेतृत्व करणाऱ्या हर्मन प्रेसरला १० डॉलर दंड झाला. १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. २००८ च्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवायचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, पण खासगी फौजांवर बंदी घालता येते हेही त्याच निकालात आहे.

ताई, तुमच्या कायद्यात गुन्हा ठरतो तो हेतूवरून. हे शिक्षण दंगलीसाठी वापरलं जाणार हे ठाऊक असून, किंवा ठाऊक असायला हवं असताना शिकवलं, तर गुन्हा. स्वसंरक्षण, शिकार, नेमबाजीचा खेळ, सुरक्षित हाताळणी यांना स्पष्ट सूट आहे.

असे कायदे कशाला लागतात ते टेक्सासात दिसलं. गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात व्हिएतनामी निर्वासित कोळंबी धरायचे. १९८१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णीय वर्चस्ववादी संघटनेची माणसं झगे घालून, बंदुका घेऊन बोटीतून त्यांच्या वस्तीसमोर फिरली. पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या फेडरल कोर्टाने क्लॅनची लष्करी शिबिरं बंद करवली. त्या कोळ्यांना निर्धास्त जाळं टाकता येणं हाही हक्कच आहे की!

उत्तर ३: ते मान्य. पण 'ठाऊक असायला हवं' हे ठरवणार कोण? शिकणारा उद्या काय करेल याची हमी शिकवणाऱ्याने कशी द्यायची?

उत्तर २: हमी कुणी मागत नाही. दंगल म्हणजे जमावाची हिंसा आणि त्यातून इजेचा तात्काळ धोका, नुसती घोषणाबाजी नव्हे. पण समोरचा दंगलीचं उघड बोलत असेल आणि तरी तुम्ही शिकवत राहिलात, तर 'मला काय माहीत' चालणार नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आमच्यातला एकजण मागे 'मोर्चाच्या दिवशी कामी येईल' असं बोलून गेला होता, तेव्हा मी कानाआड केलं. रविवारी बंदूक हातात देण्याआधी त्याला याचा अर्थ विचारते. उत्तर पटलं नाही तर त्याचं शिकणं माझ्याकडे बंद.